पॅलेटच्या फळ्या आणि प्लॅस्टिकची पिंपे कापायला जिगसॉचे पाते कोणते घ्यावे?

गच्चीबाग, कोथरूड

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ओल्या कचऱ्याच्या खतासाठी पेट्या आणि भाजीपाल्यासाठी वाफे तयार करण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. लाकूड म्हणून भोसरीच्या एका भंगारवाल्याकडून पॅकिंगची जुनी पॅलेट आणली आहेत. त्यांच्या फळ्या साधारण २० मिलिमीटर जाडीच्या पाइनच्या आहेत आणि खालचे ठोकळे जवळजवळ ९० मिलिमीटर जाड आहेत. याशिवाय २०० लिटरची निळी प्लॅस्टिकची पिंपे मधोमध कापून त्यांची अर्धी पिंपे करायची आहेत, आणि झाकणांसाठी ६ मिलिमीटरचा भरीव पॉलिकार्बोनेटचा पत्रा व थोडे १८ मिलिमीटरचे प्लायवुड आणून ठेवले आहे.

माझ्याकडे साधा विजेवर चालणारा जिगसॉ, म्हणजे अरुंद पाते वर-खाली चालवून कापणारी हातातली करवत, आहे. त्याला वेग कमी-जास्त करण्याची चकती आहे आणि ० ते ३ असे आकडे असलेली एक कळ आहे. यंत्राबरोबर आलेली पाती संपली, म्हणून बोहरी आळीतून वेगवेगळ्या पात्यांचे एक मिश्र पाकीट आणले. परंतु त्यांवरचे टी १४४ डी, टी १०१ बी, टी ११८ ए असे क्रमांक पाहून कोणते पाते कशासाठी, याचा उलगडा होत नाही. दुकानदाराने ‘प्लॅस्टिकला बारीक दाते आणि लाकडाला मोठे दाते’ एवढेच सांगितले. त्याप्रमाणे पिंपाला सर्वांत बारीक दात्यांचे पाते लावले, तेव्हा पाते पुढे जात होते आणि मागची चीर वितळून पुन्हा चिकटत होती. ठोकळ्यांच्या बाबतीत अडचण निराळी आहे: वर आखलेल्या रेषेवरून काप सरळ जातो, पण खालच्या बाजूला तो चांगलाच तिरका गेलेला असतो.

मला सफाईदार काप नको आहे. कडा नंतर कानशीने आणि पॉलिशपेपरने घासून घेता येतील. सोसायटीने आवाजाच्या कामासाठी सकाळचे दोनच तास दिले आहेत, त्यामुळे काम झपाट्याने व्हावे आणि पाती वारंवार मोडू नयेत, एवढीच अपेक्षा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पटाशी, नाना पेठ

तुमच्या दुकानदाराचे म्हणणे पत्र्याच्या बाबतीत बरोबर आहे, प्लॅस्टिकच्या बाबतीत मात्र ते निम्मेच खरे आहे. प्लॅस्टिकचे जाणकार इथे आहेत, ते त्याविषयी अधिक सांगतील. मी प्रथम लाकडाचे सांगतो.

पात्यावरचा क्रमांक समजला की निम्मे काम होते. पहिले अक्षर ‘टी’ म्हणजे पात्याच्या वरच्या टोकाचा आकार. तो तुमच्या यंत्राच्या चिमट्यात बसतो का, हे सर्वांत आधी पाहावे, कारण जुन्या यंत्रांना ‘यू’ आकाराच्या टोकाची पाती लागतात आणि ती या चिमट्यात बसत नाहीत. शेवटचे ए, बी, सी, डी हे अक्षर दात्यांचा आकार सांगते: ए म्हणजे बारीक आणि डी म्हणजे सर्वांत मोठे. त्यापुढे आणखी अक्षर असेल, तर ओ म्हणजे वळणदार कापासाठी अरुंद पाते, आर म्हणजे उलट दात्यांचे, पी म्हणजे जाड व ताठ आणि एफ म्हणजे दोन धातू जोडून केलेले, ज्याला बायमेटल म्हणतात. ही पद्धत मुळात बॉश कंपनीची आहे. परंतु इतर अनेक उत्पादक तेच क्रमांक किंवा त्यांच्याशी जुळणारे क्रमांक पाकिटावर छापतात, त्यामुळे दुकानात क्रमांक सांगूनच पाते मागावे.

तुमच्या २० मिलिमीटरच्या फळ्यांसाठी टी १४४ डी हेच पाते. त्याची एकूण लांबी १०० मिलिमीटर आहे, दोन दात्यांमधले अंतर ४ मिलिमीटर किंवा त्याहून थोडे अधिक आहे, आणि दाते एकाआड एक डावीकडे व उजवीकडे वाकवलेले आहेत. त्या वाकवण्यामुळे चीर पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडते, भुसा बाहेर यायला जागा मिळते आणि पाते लाकडात आवळले जात नाही. कडेला कुसळे निघतात हे खरे, पण तुम्हाला त्याची फिकीर नाही. याच्या उलट टी १०१ बी. त्याचे दाते २.५ मिलिमीटर अंतरावर असतात, बाजूंना वाकवलेले नसतात, आणि पात्याचे अंग पाठीकडे निमुळते घासलेले असते. त्याने प्लायवुड सुरेख कापले जाते, मात्र पॅलेटच्या फळ्या कापायला बसलात तर तुमचे दोन तास त्यातच जातील. टी ११८ ए हे धातूच्या पातळ पत्र्याचे पाते आहे. दात्यांमधले अंतर १.२ मिलिमीटर असल्यामुळे लाकडात त्याच्या खाचा क्षणात भुशाने भरतात आणि मग ते कापण्याऐवजी नुसते घासत राहते. तुम्ही पिंपाला लावलेले ‘सर्वांत बारीक’ पाते बहुधा हेच असावे.

० ते ३ आकड्यांची कळ फार महत्त्वाची आहे आणि अनेक जण तिला हातही लावत नाहीत. शून्यावर पाते सरळ वर-खाली चालते. आकडा वाढवत गेलात की वर जाताना ते पुढे झेपावते आणि खाली येताना मागे सरते. जिगसॉचे साधे पाते वर येतानाच कापत असल्यामुळे या झुलत्या गतीने काप झपाट्याने होतो, आणि परतीच्या फेऱ्यात दाते लाकडावर घासत नाहीत. पाइनच्या फळ्यांना, तंतूंच्या दिशेने असो वा आडवे, वेग पूर्ण आणि कळ २ किंवा ३ वर ठेवावी. प्लायवुडला १ पुरे. वळणदार काप असेल तर शून्य किंवा १, नाहीतर पाते वळणावर अडकते.

आता ठोकळ्यांविषयी. इंजिनिअर आल्बर्ट काउफमान यांनी १९४६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिंटिला कंपनीत शिवणयंत्राच्या सुईच्या जागी करवतीचे पाते बसवले आणि त्यातून हे यंत्र जन्माला आले. ही हकिकत मी एवढ्यासाठी सांगतो आहे की सुईसारखेच हे पातेही आजतागायत फक्त वरच्या टोकाला धरलेले असते आणि खालचे टोक मोकळे राहते. २० मिलिमीटरच्या फळीत याने काही बिघडत नाही. ९० मिलिमीटरच्या ठोकळ्यात मात्र खालचे टोक लाकडातल्या गाठीला किंवा तंतूंच्या कलाला शरण जाते आणि वरची रेषा सरळ दिसत असताना खाली काप वाहवतो. त्यातच तुम्ही पुढे ढकलायला जोर लावलात की पाते आणखी वाकते. शिवाय टी १४४ डी या पात्याला दात्यांची लांबी जेमतेम ७५ मिलिमीटर मिळते आणि त्यातून यंत्राचा वर-खाली फेरा वजा जातो, म्हणून ५० मिलिमीटरच्या पुढे त्याच्याकडून अपेक्षाच ठेवू नये. टी ३४४ डी नावाचे १५२ मिलिमीटरचे लांब पाते मिळते, परंतु जितके लांब तितके ते अधिक वाकणार. माझे स्पष्ट मत असे आहे की ठोकळे जिगसॉने कापूच नयेत. गुण्याने (काटकोन आखायच्या पट्टीने) चारही बाजूंना रेषा आखून हाताच्या करवतीने कापले, तर ते लवकर होतात आणि चौकोनी होतात. जिगसॉनेच कापायचे असतील तर दोन्ही बाजूंनी ४५-४५ मिलिमीटर, जाड अंगाचे टी १४४ डी पी घेऊन, कळ शून्यावर किंवा फार तर १ वर ठेवून कापावेत.

पॅलेटमध्ये खिळे असतात. त्यांचे अंग पिळाचे किंवा कड्याकड्यांचे असल्यामुळे ते सहज उपसत नाहीत, डोके तुटून खिळा आतच राहतो, आणि साध्या कार्बन स्टीलच्या पात्याला असा एक खिळा लागला की पुढचे सगळे दाते बोथट होतात. कापण्याआधी फळीवरून लोहचुंबक फिरवावे. जिथे खिळा काढता येणार नाही अशा ठिकाणी टी ३४५ एक्स एफ वापरावे. ते बायमेटलचे आहे, त्याचे दाते वरून खाली लहानाचे मोठे होत जातात, आणि खिळ्यासकट लाकूड कापण्यासाठीच ते बनवलेले आहे. सगळीच कामे त्याने करू नयेत. ते महाग आहे आणि निव्वळ पाइनमध्ये टी १४४ डी त्याच्यापेक्षा चपळ चालते.

एक विषयाला लागूनच असलेली गोष्ट: पॅलेटवर गव्हाच्या ओंबीच्या चिन्हाशेजारी एच टी किंवा एम बी अशी अक्षरे डागलेली असतात. एच टी म्हणजे उष्णतेची प्रक्रिया केलेले लाकूड, ते निर्धास्तपणे वापरावे. एम बी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले. ते भाजीच्या वाफ्याला वापरू नये आणि त्याचा भुसाही खताच्या पेटीत टाकू नये.

शीटवाले, भोसरी

वरील प्रतिसादातील लाकडाच्या भागाशी पूर्ण सहमत आहे. आमच्याकडे प्लॅस्टिकच्या टाक्या, ट्रे आणि यंत्रांवरची आच्छादने तयार होतात, तेव्हा त्या बाजूने लिहितो.

प्लॅस्टिक कापताना खरा शत्रू उष्णता हा आहे. तुमचे निळे पिंप एचडीपीई नावाच्या प्लॅस्टिकचे असते आणि ते साधारण १३० अंश सेल्सिअसला वितळते. लाकडात घर्षणाने जी उष्णता निर्माण होते तिचा पुष्कळसा भाग भुशाबरोबर बाहेर पडतो. प्लॅस्टिकमध्ये तो चिरेतच अडकतो, कारण प्लॅस्टिक उष्णता पुढे वाहून नेत नाही. बारीक दात्यांचे पाते एका फेऱ्यात अनेक वेळा थोडे थोडे खरवडते, प्रत्येक दाता कापण्यापेक्षा घासतो अधिक, आणि खाचेत जागा नसल्यामुळे गरम चुरा तिथेच फिरत राहतो. तोच चुरा मागच्या चिरेत बसून थंड होतो आणि जोड पुन्हा सांधला जातो. म्हणून प्लॅस्टिकला बारीक दाते, हे सूत्र चुकीचे आहे. दात्याने प्रत्येक फेऱ्यात दिसण्याजोगी चिप काढली पाहिजे आणि ती चिप बाहेर पडली पाहिजे.

पिंपाला मी टी १११ सी सुचवेन. दात्यांमधले अंतर ३ मिलिमीटर, दाते बाजूंना वाकवलेले, आणि पाते स्वस्त. अनेक जण पिंपाला टी १०१ बी लावायला सांगतात, कारण पिंपाची भिंत ३-४ मिलिमीटरचीच असते आणि कापल्या जाणाऱ्या जाडीत निदान दोन-तीन दाते असावेत असा सर्वसाधारण नियम आहे. धातूसाठी तो नियम काटेकोरपणे पाळलाच पाहिजे, नाहीतर दाते तुटतात. एचडीपीई मात्र इतके मऊ आहे की मोठा दाता त्यात अडकून तुटत नाही, आणि टी १०१ बी या पात्याचे दाते वाकवलेले नसल्यामुळे त्याची चीर अरुंद पडते. अरुंद चीर म्हणजे वितळलेल्या कडा पुन्हा भेटण्याची सोय. ओबडधोबड कापासाठी रुंद चीर हीच तुमची मैत्रीण.

वेग निम्म्याच्या आसपास ठेवावा; चकतीवर १ ते ६ आकडे असतील तर २ किंवा ३. पाते झुलवणारी कळ शून्यावर. हात मात्र हळू चालवू नका. वितळेल या भीतीने लोक यंत्र रेंगाळत पुढे नेतात, त्यामुळे एकाच जागी जास्त फेरे होऊन ते हमखास वितळते. वेग कमी आणि पुढे सरकणे एकसारखे, असा मेळ बसला पाहिजे. तो बसला की नाही हे खाली पडणाऱ्या चुऱ्यावरून कळते: खवलेल्या खोबऱ्यासारखे सुटे, कोरडे तुकडे पडत असतील तर ठीक चालले आहे, पात्याच्या मागे दोरे लोंबू लागले किंवा चिरेच्या दोन्ही कडांना मऊ, चकचकीत कड उभी राहू लागली, की वेग आणखी उतरवावा आणि पाते निवू द्यावे. पात्याच्या दोन्ही अंगांना मेणबत्ती घासून घेतली तर चिकटणे पुष्कळ कमी होते. विजेवर चालणारे यंत्र हातात असताना कापावर पाणी ओतण्याचा प्रकार काही जण करतात, तो कोणीही करू नये.

पिंप धरण्याची पद्धत पात्याइतकीच महत्त्वाची आहे. मोकळे पिंप ढोलासारखे थरथरते आणि पाती बहुतेक त्या थरथरीनेच मोडतात. कापायच्या रेषेच्या थोडे खाली बाहेरून दोर किंवा पट्टा करकचून आवळावा, म्हणजे भिंतीची थरथर कमी होते. सुरुवातीला १२ मिलिमीटरच्या ड्रिलने छिद्र पाडून पाते त्यात उतरवावे आणि ते भिंतीला टेकलेले नसतानाच यंत्र सुरू करावे. गोल पृष्ठभागावर यंत्राची तळपट्टी पूर्ण टेकत नाही, ती मागे-पुढे डुलते. तेव्हा पात्याला लागून असलेला तिचा भागच भिंतीला घट्ट टेकवून ठेवावा, पुढचे-मागचे टोक अधांतरी राहिले तरी चालेल. वीत-दीड वीत काप झाला की चिरेत लाकडाची बारीक पाचर सरकवावी आणि अशाच पाचरी पुढे घालत जावे. नाहीतर वरच्या अर्ध्याच्या वजनाने चीर मिटून पाते आवळले जाते.

पॉलिकार्बोनेटचा पत्रा निराळ्या जातीचा आहे. तो चिवट आहे आणि साधारण १४७ अंशांना मऊ पडतो, त्यामुळे पिंपापेक्षा तो थोडी अधिक उष्णता सोसतो. त्याला टी १०१ ए घ्यावे. ते ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटसाठीच केलेले हायस्पीड स्टीलचे पाते आहे. ते न मिळाल्यास टी १०१ बी चालेल. संरक्षक कागद किंवा फिल्म काढू नये, पत्र्याच्या खाली कापाच्या अगदी जवळ फळीचा आधार द्यावा, आणि शिकंजा (क्लॅम्प) लावताना मध्ये प्लायवुडचा तुकडा ठेवावा. हेच काम ॲक्रिलिकवर करायची वेळ आली तर दुप्पट जपावे लागते. ते साधारण १०५ अंशांनाच मऊ पडते आणि शिवाय ठिसूळ असल्यामुळे आधार नसेल तिथे तडकते.

पिंपात आधी काय भरले होते हे कळल्याशिवाय त्याला यंत्र लावू नका. थिनर, सॉल्व्हंट किंवा तत्सम पदार्थाची वाफ आत साठलेली असेल आणि यंत्राच्या मोटरची ठिणगी तिला मिळाली, तर पुढे काय होईल हे सांगण्याची गरज नाही. दोन्ही बुचे उघडून पिंप अनेक पाण्यांनी धुवावे, उन्हात उघडे ठेवावे, आणि कीटकनाशकाचे किंवा आम्लाचे लेबल दिसले तर ते भाजीसाठी घेऊच नये.

गच्चीबाग, कोथरूड

दोघांचेही मनापासून आभार. लेबले पाहिली. दोन पिंपांवर खाद्यतेलाचे लेबल आहे. तिसऱ्यावरचे फाटलेले आहे, म्हणून ते बाजूला ठेवते आहे. पॅलेटवर एच टी आहे. पिंपावर टी १११ सी, वेग २ आणि कळ शून्य, असे करून पाहिले. चीर उघडी राहिली. मागे एखाद-दुसरा दोरा निघतो, तो बोटाने तोडता येतो.

दोन शंका आहेत. पहिली अशी की फळ्या एकेक कापण्याऐवजी तीन फळ्या एकावर एक ठेवून एकदम कापल्या तर वेळ वाचेल का? दुसरी, टी १४४ डी बोथट झाल्यावर त्याला कानशीने धार लावता येते का, की ते फेकूनच द्यावे?

रंधा आणि भुसा, सिंहगड रस्ता

फळ्यांच्या थप्पीपुरते लिहितो. तीन फळ्या म्हणजे ६० मिलिमीटर. पटाशी यांनी ठोकळ्यांविषयी जे सांगितले तेच इथेही लागू होते, किंबहुना अधिकच, कारण पॅलेटच्या फळ्या थोड्याफार वाकलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटीत पाते प्रत्येक वेळी नव्याने शिरते. वरची फळी मापात येईल आणि तिसरी आखूड किंवा लांब होईल. दोन फळ्यांपर्यंत हरकत नाही, तेही दोन्ही टोकांना शिकंजे आवळून. वेळ वाचवायचा असेल तर एका फळीवर गुण्याची पट्टी कायमची खिळवून त्याला यंत्राची तळपट्टी घासत नेण्याची सोय करावी. प्रत्येक फळीवर रेषा आखण्यातच निम्मा वेळ जातो.

एका बाबतीत वरच्या सल्ल्याला थोडी पुस्ती जोडतो. झुलती कळ ३ वर ठेवून कोरड्या पाइनमध्ये काही बिघडत नाही, परंतु जुन्या पॅलेटमध्ये पाइनऐवजी बाभळीची किंवा दुसऱ्या कुठल्या कठीण लाकडाची फळीही कधी कधी निघते. ती हाताला जड लागते आणि तिचा भुसा बारीक पडतो. तिथे कळ १ वर आणावी आणि टी १४४ डी ऐवजी बायमेटलचे टी १४४ डी एफ लावावे. सागाचे जुने तुकडे वापरणार असाल तर तिथेही तेच, कारण सागात वाळूच्या जातीचा सिलिका असतो आणि साधे पाते त्यात पाहता पाहता बोथट होते. लाकूड काळे पडून जळका वास येऊ लागला की जोर वाढवू नये, पाते बदलावे.

पाते बदलताना प्लग काढावा, आणि नुकतेच काढलेले पाते उघड्या बोटांनी धरू नये. चष्मा आणि नाकावर फडके हवेच. प्लायवुडच्या भुशात लाकडाबरोबर डिंकाची रसायनेही असतात.

पटाशी, नाना पेठ

धार लावण्याविषयी: हाताच्या करवतीला आपण कानस लावतो, तसे या पात्याला करणे परवडत नाही. दाते लहान आहेत, त्यांची टोके विशिष्ट कोनात घासलेली आहेत, आणि उजवे-डावे दाते सारखे घासले गेले नाहीत तर पाते एका बाजूला ओढू लागते. मग काप तिरका का जातो, हे कोडे पुन्हा तुमच्यासमोर उभे राहील. परंतु फेकण्याआधी पाते प्रकाशात धरून पाहावे. टी १४४ डी या पात्याला सुमारे ७५ मिलिमीटर दाते आहेत. फळी २० मिलिमीटरची आणि यंत्राचा फेरा साधारण २० मिलिमीटरचा धरला, तर लाकडाला प्रत्यक्षात वरच्या ४० मिलिमीटरमधलेच दाते लागतात. त्याखालचे दाते कोरे करकरीत राहतात, आणि तसे पाते आपण बोथट म्हणून टाकून देतो.

त्यावर सोपा उपाय आहे. १८ मिलिमीटरच्या प्लायवुडचा तळपट्टीएवढा तुकडा घेऊन त्याला मधोमध पाते जाण्यापुरती खाच पाडावी आणि तो तळपट्टीखाली दुहेरी चिकटपट्टीने पक्का बसवावा. यंत्र तेवढे वर उचलले गेल्यामुळे आता खालचे, न वापरलेले दाते फळीत येतात. प्लायवुडची खाच पात्याला लगटून असेल तर वरच्या कडेची कुसळेही कमी निघतात, हा वरचा फायदा. यात पात्याचा मोकळा भाग वाढतो आणि पाते थोडे अधिक डुलते. म्हणून ही युक्ती एकेरी फळीसाठीच वापरावी, दोन फळ्यांच्या थप्पीसाठी नाही. आणि पात्याच्या पाठीला टेकणारी छोटी चाकी, म्हणजे तळपट्टीच्या वर दिसणारा खाचेचा रोलर, पात्याला हलकेच टेकलेली आहे ना, हे आजच पाहून घ्या. स्वस्त यंत्रांत ती भुशाने जाम होते आणि पाते तिच्या खाचेतून बाजूला सरकलेले असते. तसे असेल तर चांगल्यात चांगले पातेही तिरकेच कापेल. भुसा ब्रशने काढून तिच्या आसाला तेलाचा एक थेंब द्यावा, रोलर बोटाने फिरतो का ते पाहावे, आणि त्यानंतरच दुसऱ्या पात्यांची खरेदी करावी.